कॅमेरा आहे, हौस आहे, यादी वाढतेय. आधी काय घ्यावं?

उंबराचं_फूल

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता राहवत नाही म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे निकॉन डी३४०० आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. ऑटो मोड सोडून बराच काळ झाला. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून बाहेर पडतो (एरवी हाक मारूनही उठत नाही, असं घरच्यांचं म्हणणं). पक्षी, किडे, घरातली माणसं, आकाश, जे समोर येईल ते टिपतो. एक विषय धरून बस असं सगळे सांगतात, पण कोणता धरायचा तेच अजून कळलेलं नाही.

फोटो बरे येतात. अडचण हीच की 'बरे'च्या पुढे जात नाहीत. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भरलंय आणि प्रत्येक व्हिडिओगणिक यादीत एक वस्तू वाढते. सध्याची यादी: १५०-६०० झूम, ९० ते १०५ मधली एखादी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी), ५० एफ/१.८, फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेली) बॉडी, ट्रायपॉड, फ्लॅश, पोलरायझर, एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर. आणि हे सगळं मावेल अशी बॅग.

खिसा एकच आहे, तेव्हा क्रम लावून द्या. चार प्रचि (प्रकाशचित्रं) टाकतोय, बिनधास्त सोला.

प्रचि १: तारेवरचा खंड्या
प्रचि २: पौर्णिमेचा चंद्र
प्रचि ३: खिडकीशी बसलेली आजी
प्रचि ४: जाळ्यातला कोळी

बोरूबहाद्दर

पहिला!

बॅग शेवटी? अनुभवी माणूस बॅगेपासून सुरुवात करतो. मग ती भरायला काही ना काही घ्यावंच लागतं. (कृपया हलकं घ्या)

कवडसा

फोटोंमधला एक्झिफ (फोटोसोबत साठलेली सेटिंगची नोंद) पुसला नाहीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण पुसून टाकतात आणि मग आम्ही अंदाजपंचे सल्ले देत बसतो.

चंद्रापासून सुरू करतो, कारण त्यात लेन्सचा दोष सगळ्यात कमी आहे. एक्झिफ सांगतो: ५५ मिमी, छिद्र एफ/५.६, शटर १/१५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००. चंद्र रात्री दिसतो म्हणून आपण त्याला अंधारातली वस्तू समजतो. प्रत्यक्षात तो भर उन्हात पडलेला खडक आहे. पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११, आयएसओ १०० आणि साधारण १/१०० ते १/१२५ एवढं पुरतं. तुमचं एक्सपोजर त्याच्या आठेक स्टॉप वर गेलंय. दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे हा जवळपास अडीचशे पट झाला. पांढरी चकती येणार नाही तर काय? मीटरने बिचाऱ्याने फ्रेमभर काळं आकाश पाहिलं आणि ते उजळवायला निघाला.

१९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपताना अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला लाइटमीटरच सापडेना. ऊन उतरत चाललेलं, गावातल्या क्रॉसांवरचा उजेड कोणत्याही क्षणी जाणार. पण चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल हा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून त्याने एक्सपोजर काढलं. दुसरी निगेटिव्ह घेण्यासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रॉसांवरचं ऊन गेलंसुद्धा. ते जगप्रसिद्ध चित्र त्या एकाच निगेटिव्हचं.

आजींचा फोटो मला चौघांत जास्त आवडला. हात काय सुंदर आलेत! पण चेहरा काळवंडलाय, कारण आजी खिडकीच्या पुढ्यात आणि तुम्ही खोलीत. मीटर सगळ्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेला आणून बसवतो. खिडकी झगझगीत म्हटल्यावर तो सगळंच दाबणार. तुम्ही भिंतीला पाठ लावून खिडकीच्या बाजूला उभे राहा आणि आजींना खिडकीकडे थोडं वळायला सांगा. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली. जागा बदलणं शक्यच नसेल तर स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) चेहऱ्यावर किंवा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१ च्या पुढे. खिडकी पांढरी झाली तर होऊ दे, तिच्याकडे कोण बघतंय?

या दोन्ही फोटोंना तुमच्या यादीतलं काहीही लागत नाही.

रानवाट

सुरू झालं. "गियरने काही होत नाही हो, नजर हवी." हे सांगणाऱ्यांच्या गळ्यात नेहमी फुलफ्रेम आणि ७०-२०० एफ/२.८ कसे असतात?

कवडसा, तुमचं चंद्र-आजी प्रकरण मान्य. पण खंड्याचं काय? पक्ष्यांना लांब लेन्स लागते, लागते म्हणजे लागतेच. ५५ वर खंड्या म्हणजे तारेवर बसलेला एक निळा ठिपका. आणि नव्या मिररलेस बॉड्या पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून फोकस धरून ठेवतात. डी३४०० ला फोकसचे पॉइंट ११, तेही मध्यावर गोळा झालेले. उडता पक्षी त्यातून केव्हाच निसटतो. होतकरू माणसाला उगाच वैराग्य शिकवू नका.

गणोबा

रानवाट यांच्याशी अर्धा सहमत, अर्ध्यासाठी आकडे देतो.

पक्षी तेवढ्याच अंतरावर असेल तर फ्रेममधलं त्याचं क्षेत्रफळ फोकल लेंग्थच्या (लेन्सवरचा मिमीचा आकडा) वर्गाच्या पटीत वाढतं. ५५ वरून ३०० ला गेलात की जवळपास ३० पट. ३०० वरून ६०० ला गेलात की फक्त ४ पट. खरी मोठी उडी पहिलीच. दुसरी उडी अंतर निम्मं करूनही मिळते, अर्थात पक्ष्याची परवानगी असेल तर.

चंद्राचंही तसंच. सेन्सरवर उमटणारा चंद्र म्हणजे फोकल लेंग्थ भागिले साधारण ११०. ५५ मिमीला अर्धा मिलिमीटर, डी३४०० वर सव्वाशेच्या आसपास पिक्सेल. ३०० ला सातशेच्या आसपास, तेवढ्यात खड्डे दिसू लागतात. तेव्हा कवडसांनी सांगितलेलं एक्सपोजर लावलं तरी ५५ वर चंद्राचा फोटो होणार नाही, फक्त ठिपका करडा होईल.

आता फुलफ्रेम. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: लेन्स तीच, अंतर तेच, तर सेन्सरवरची खंड्याची प्रतिमाही तेवढीच राहते. पण २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमचे पिक्सेल मोठे असतात, डी३४०० चे ३.९ मायक्रॉन तर त्याचे ६ च्या आसपास. म्हणजे खंड्याच्या वाट्याला सव्वादोन पट कमी पिक्सेल. लांबच्या पक्ष्यांसाठी तुमचा क्रॉप (फुलफ्रेमहून लहान) सेन्सर वाईट नाही.

रानवाट

बरोबर. पण कमी उजेडात काय होतं तेही सांगा की.

गणोबा

फ्रेम भरता आली तर फुलफ्रेमला सव्वापट-दीडपट नव्हे, सव्वादोन पट प्रकाश मिळतो, म्हणून नॉइज (दाणेदारपणा) कमी. साधारण एका स्टॉपपेक्षा किंचित जास्त फायदा. फ्रेम भरता आली नाही आणि शेवटी क्रॉपच केलं, तर तो फायदाही कापलेल्या भागाबरोबर गेला.

जुनाट_रोल

वयाने मोठा आहे म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

उंबरा, तुझ्या यादीची खोट अशी की तिच्यात फक्त वस्तू आहेत. एक वही घे. प्रत्येक वस्तूपुढे असा एक फोटो लिही जो तू काढायला गेलास आणि त्या वस्तूवाचून अडला. "चांगला आला नसता" असलं मोघम चालणार नाही. कुठे उभा होतास, काय दिसत होतं, कॅमेऱ्यात काय करून पाहिलंस, आणि तरीही का जमलं नाही, एवढं हवं. ज्या वस्तूपुढे असा फोटो लिहिता येत नाही तिच्यावर तूर्तास काट मार. दोन-तीन फोटो एकाच वस्तूपुढे जमले तर ती आधी घे आणि आमच्यासारख्यांना विचारत बसू नकोस.

फिल्मच्या काळात ही वही आपोआप व्हायची. ३५ मिमीच्या रोलवर ३६ फ्रेम, मध्यम फॉरमॅटच्या चौकोनी कॅमेऱ्यात १२. एक्झिफ नव्हता, म्हणून आम्ही छिद्र आणि शटर लिहून ठेवायचो, आणि मग कॉन्टॅक्ट शीट भिंगाखाली घेऊन लाल पेन्सिलीने खुणा. आता कार्डात हजार मावतात म्हणून हजार काढले जातात आणि एकही धड पाहिला जात नाही. तुझ्या खंड्याचेच किती काढलेस ते सांगू नकोस, पण त्यातला हाच का निवडलास ते सांग. ते सांगता आलं की 'बरे'च्या पुढची वाट दिसायला लागते.

अवांतर: व्हिव्हियन मायर नावाची बाई आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळायचं काम करत होती आणि गळ्यात रोलिफ्लेक्स कॅमेरा. काढलेलं कुणाला दाखवलं नाही, कित्येक रोल धुतलेसुद्धा नाहीत. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात निघालं तेव्हा जगाला पत्ता लागला. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानेही बहुतेक काम एका ५० मिमी लेन्सवर केलं. लगेच रानवाट म्हणतील की त्या दोघांनी खंड्या काढला नाही. कबूल.

रानवाट

म्हणणारच होतो. लोल.

सूक्ष्मजीवी

वाचनखूण साठवली. कोळ्याकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून मी बघते.

उंबराचं_फूल, जाळं झकास आलंय, दव मस्त. पण फोकस जाळ्याच्या पुढच्या धाग्यावर आहे आणि कोळी मागे मऊ पडलाय. मॅक्रोत फोकसची रिंग फिरवत बसू नका. रिंग एका जागी ठेवा आणि स्वतः अंगाने पुढे-मागे डोला, डोळे लख्ख दिसले की दाबा. श्वास सोडून झाल्यावर. आणि वारा पडायची वाट बघा, त्याला इलाज नाही.

मॅक्रो लेन्स लगेच घेऊ नका, आधी एक स्वस्तातला उद्योग करून बघा. ५० मिमीची जुनी एएफ-डी लेन्स कुणाकडे पडून असेल तर मागून आणा आणि रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवा. जवळपास १:१ मिळतं, म्हणजे किडा खराखुरा जेवढा तेवढाच सेन्सरवर. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो, तेव्हा एम (मॅन्युअल) मोडच चालेल आणि मीटर गप्प बसेल. दुसरं म्हणजे तुमची १८-५५ उलटी लावू नका. तिला अ‍ॅपर्चरची रिंग नाही, बॉडीवरून काढली की छिद्र मिटून जातं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. जुन्या ५० ला स्वतःची रिंग असते, तिच्यावर एफ/८ ठेवा.

१:१ ला एफ/८ वर डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) एक मिलिमीटरही नसते. आणि उजेडही दोन स्टॉप कमी होतो, लेन्सवर एफ/८ असलं तरी प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. म्हणून मॅक्रोवाले फ्लॅश बाळगतात. फ्लॅशपुढे पांढऱ्या कागदाचा पडदा धरायचा आणि तो किड्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा. किड्याच्या मानाने पडदा जेवढा मोठा, तेवढी सावली मऊ.

बोरूबहाद्दर

कोळ्यासाठी सॉफ्टबॉक्स. ऐकावं ते नवलच.

लुकलुक

माझ्याकडेही डी३४०० च आहे, म्हणून एक धोक्याची सूचना. ५० एफ/१.८ घेताना 'डी' आणि 'जी' मधला फरक बघा. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नाही. एएफ-डी लेन्स सरळ लावली तर मीटर चालतं, ऑटोफोकस चालत नाही. रिंग सगळ्यात लहान छिद्रावर लॉक करावी लागते, नाहीतर स्क्रीनवर एफईई अशी अक्षरं येतात आणि शटर पडत नाही. हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला ठिपका स्थिर झाला की फोकस लागला असं समजायचं. आजी बसल्या आहेत तोवर चालेल, पळत्या पोरांमागे नाही. ऑटोफोकस हवा असेल तर एएफ-एस लिहिलेली घ्या, मोटर लेन्समध्येच असते.

आणि क्रॉप सेन्सरवर ५० म्हणजे दृश्य ७५ सारखं. लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते. घरातल्या माणसांसाठी ३५ एफ/१.८ जास्त कामाची.

कवडसा

३५ ला +१. आणि वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आरपार बघा. काचेच्या कडेला कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी, किंमत कितीही पाडली तरी हात लावू नका. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तरी नको. घरी आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील अशा बंद डब्यात ठेवा आणि सिलिका जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या.

तिरशिंगराव

फिल्टर राहिलेच. पोलरायझर घ्या, एनडी थांबवा. पाण्यावरची, पानांवरची चकाकी पोलरायझर काढतो ते संगणकावर नंतर करता येत नाही. सूर्याशी काटकोन केलात की परिणाम सगळ्यात जास्त. दीड-दोन स्टॉप खातो हे धरून चाला. १८ मिमीला आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं, तिथे काढून ठेवा. एनडीचं काम बऱ्याचदा ट्रायपॉडवर ओळीने बरेच फोटो काढून संगणकावर त्यांची सरासरी करूनही भागतं.

यूव्ही फिल्टरबद्दल मुद्दाम बोलत नाही. मागच्या वेळी त्यावरून धागा शंभरी गाठून बंद पडला होता.

रानवाट

लेन्सवर संरक्षण म्हणून यूव्ही लावावाच.

तिरशिंगराव

नको म्हटलं ना.

उंबराचं_फूल

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. जुनाट_रोल काका, वही केली.

फुलफ्रेमपुढे बराच वेळ पेन घेऊन बसलो, एकही फोटो सुचला नाही. काट. एनडीपुढे एक धबधबा आहे, पण तिथे ट्रायपॉडही नव्हता, म्हणजे नुसता एनडी असता तरी अडलाच असता. मॅक्रोपुढे कोळी लिहिणार होतो, पण सूक्ष्मजीवी ताईंनी तो फोकसच्या खात्यात टाकला. ओळखीतल्या एकांकडे जुनी ५० एएफ-डी निघाली आहे, रिंग तेवढी घ्यायची.

आजीला परत बसवलं. खिडकीला काटकोनात, स्पॉट मीटरिंगने. चेहऱ्याच्या सुरकुत्या अशा आल्या की तिनेच विचारलं, "एवढी म्हातारी दिसते मी?" तो फोटो टाकायला तिची परवानगी नाही. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढला होता, म्हणून खिडकीबाहेरचं झाडही थोडं परत आणता आलं. जेपेगवर तेच करून पाहिलं तर झाडाच्या जागी करडा पट्टा आला.

खंड्या आणि चंद्र, दोघे एकाच वस्तूपुढे आलेत. शिवाय एक बगळा, तोही अंतरामुळेच अडला. म्हणजे लांब लेन्स पक्की. प्रश्न एवढाच: ७०-३०० की एकदाच काय ते १५०-६००?

लुकलुक

जेपेगचं कारण: आपला कॅमेरा रॉमध्ये १२ बिट देतो, प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या. जेपेगमध्ये ८ बिट, २५६. शिवाय जेपेग करताना कॅमेरा उजळ टोकाचं बरंचसं फेकून देतो. तरी पूर्ण जळलेला भाग रॉमध्येही परत येत नाही, हिस्टोग्रामचं (उजेडाचा आलेख) उजवं टोक भिंतीला चिकटू देऊ नका.

गणोबा

१५०-६०० साधारण दोन किलोची. डी३४०० बॅटरीसकट साडेचारशे ग्रॅमही भरत नाही. कॅमेऱ्याला लेन्स नाही, लेन्सला कॅमेरा लावावा लागेल. मोनोपॉड किंवा ट्रायपॉड आलाच, म्हणजे यादी परत वाढली.

रानवाट

मी १५०-६०० वाला आहे, तरी सांगतो: आधी ७०-३०० घ्या. मोठी लेन्स घरी ठेवून बाहेर पडायचे मोह फार होतात. आणि प्रचि १ मध्ये शटर १/६० आहे, त्यात खंड्याने मान वळवली म्हणून डोकं हललंय. ते ६०० नेही हललं असतं, उलट जास्त दिसलं असतं. बसलेल्या पक्ष्याला १/५०० तरी ठेवा, उडत्याला १/२००० च्या आसपास. आयएसओ १६०० गेला तरी बिचकू नका, नॉइज काढता येतं, हललेलं डोकं परत आणता येत नाही.

फोकस एएफ-सी (सतत फोकस) वर ठेवा आणि मागच्या एई-एल बटणाला एएफ-ऑनचं काम द्या. मग शटर दाबताना फोकस हलत नाही.

कवडसा

एएफ-पी ७०-३०० घेणार असाल तर बारकाईने बघा. डीएक्समध्ये (निकॉनच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या लेन्समध्ये) तिच्या दोन आवृत्त्या आहेत, एक व्हीआरसह (हाताचं हलणं सावरणारी सोय), एक व्हीआरशिवाय. दिसायला सारख्याच आणि व्हीआरचं बटण दोन्हींवर नाही. नावात व्हीआर लिहिलंय का ते वाचूनच पैसे द्या. ३०० वर हातात धरायची तर व्हीआरवालीच हवी.

उंबराचं_फूल

बटण नाही तर चालू-बंद कुठून करायचं?

लुकलुक

मेनूतून. शूटिंग मेनूत 'ऑप्टिकल व्हीआर' अशी ओळ असते. तुमच्या किट लेन्सच्या नावात एएफ-पी आणि व्हीआर दोन्ही असतील तर तिचंही तिथेच आहे, आत्ता उघडून बघा. ट्रायपॉडवर चंद्र काढताना बंद करा आणि नंतर परत चालू करायचं लक्षात ठेवा.